टोलनाका, उर्दू आणि घोटभर पाणी

सुट्टी लागली की आपण मुलाबाळांना घेऊन गाडीने लांब निघतो. ओसाड रस्त्यावर रात्र झाली तरी पाण्याची चिंता नसते. पुढच्या ढाब्यावर मिळेलच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत असे दोन प्रवास आहेत. दोन्हींत मुसलमानाचे नाव येते, म्हणून ते आपण वाचायलाच हवेत.

पहिला प्रवास १९०१ चा. वडील सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीवर. छोटा भीमा, त्याचा भाऊ आणि भाचे त्यांच्याकडे निघाले. मसूर स्टेशनापुढे बैलगाडी. विटाळाच्या भीतीने गाडीवान तयार होईनात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला. गाडी मुलांनी हाकायची, तो पायी चालणार. जवळ खायला भरपूर होते, पाणी नव्हते. मध्यरात्री टोलनाका आला. ‘मुसलमान आहोत म्हणून सांगा,’ असे गाडीवानानेच सुचवले. भीमाला उर्दू उत्तम येत होती. त्याने उर्दूतच पाणी मागितले. नाकेदाराने तुटकपणे सांगितले, पाणी टेकडीवर आहे, हवे तर जाऊन आणा. पोरे उपाशीच झोपली.

उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग विसरता येत नाही. एका तहानलेल्या मुलाने आपल्या भाषेचा आसरा घेतला होता.

दुसरा प्रवास १९३४ चा. बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह बसने दौलताबादला पोहोचले. महिना रमजानचा. धुळीने माखलेल्या काहींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, अस्पृश्यांनी हौद बाटवला! जमाव जमला, शिव्या सुरू झाल्या. बाबासाहेबांनी विचारले, हाच तुमच्या धर्माची शिकवण आहे काय? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला अडवाल का? सारे गप्प झाले. किल्ला पाहता आला, पण पाण्याला हात लागू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला गेला.

इस्लाममध्ये तहानलेल्याला पाणी पाजणे मोठे सवाबाचे काम. मोहरमला आपण सबील लावतो. पिणाऱ्याची जात विचारत नाही. दौलताबादला मात्र जात विचारली गेली, आणि विचारणारे आपले होते. नाकेदाराला दोष देताना हे झाकून ठेवणे बरोबर नाही.

सुट्टीत मुलांना दौलताबादला नेलेत, तर यादवांबरोबर, तुघलकाबरोबर त्या हौदाचीही गोष्ट सांगा.