साथरोग कायदा (१८९७) आणि महाराष्ट्र शासनाचे कोरोनाकालीन आरोग्य धोरण : म्हसवड-माणदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात माणगंगेच्या काठी वसलेले म्हसवड ही माण तालुक्यातील प्रमुख बाजारपेठ होय. सातारा-पंढरपूर मार्गावरील हे गाव सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या देवस्थानामुळे आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या रथयात्रेमुळे सर्वदूर परिचित आहे. येथील नगरपालिका १८५७ इतकी जुनी आहे. गावापासून जवळच, सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर असलेला राजेवाडी तलाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आला. दुष्काळात शासनाने काय केले, याची खूण माणदेशात अशी तलावाच्या रूपाने उभी आहे. साथीच्या काळात शासनाने काय केले, याची खूण मात्र कायदे, अधिसूचना आणि शासन निर्णय यांतच शोधावी लागते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाचा प्रादुर्भाव सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्र शासनाने ज्या कायद्याचा आधार घेतला तो ब्रिटिश राजवटीत, प्लेगच्या साथीत तयार झालेला होता. एकशे तेवीस वर्षांपूर्वीचा हा कायदा नव्या काळात कसा वापरला गेला, त्यात कशाची भर घालावी लागली आणि साथ ओसरल्यावर त्या भरीचे काय झाले, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) १८९७ च्या साथरोग कायद्याचे स्वरूप व त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) २०२० ते २०२२ या काळातील महाराष्ट्र शासनाच्या आरोग्यविषयक निर्णयांचा या पार्श्वभूमीवर आढावा घेणे.
३) माणसारख्या दुष्काळी तालुक्याच्या दृष्टीने या धोरणाचे मूल्यमापन करणे.

प्लेगची साथ आणि १८९७ चा कायदा :

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. साथ शहराबाहेर पसरू लागताच ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा होता. प्रवाशांची तपासणी करणे, संशयितांना वेगळे ठेवणे आणि साथ रोखण्यासाठी आवश्यक वाटतील ते नियम करणे, असे व्यापक अधिकार त्याने सरकारला दिले. नियम मोडणाऱ्यास भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ नुसार शिक्षेची तरतूद होती. सद्भावनेने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही, असे संरक्षण चौथ्या कलमाने दिले होते. रुग्णाला औषधोपचार मिळावा, विलगीकरणातील कुटुंबाच्या अन्नाची सोय व्हावी, याविषयी मात्र कायद्यात एक शब्दही नव्हता.

या उणिवेचे परिणाम पुण्यात लवकरच दिसून आले. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरतपासणीसाठी लष्करी शिपायांचा वापर केला. रँड हे त्यापूर्वी सातारा जिल्ह्यात साहाय्यक जिल्हाधिकारी होते आणि वाईतील १८९४ च्या वाद्यप्रकरणामुळे त्यांची कठोर वृत्ती या भागास परिचित होती. देवघरे, स्वयंपाकघरे व स्त्रियांची दालने यांतील शिपायांच्या वावरामुळे लोकांत तीव्र संताप निर्माण झाला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यानंतरच्या काळात सरकारला सक्ती हळूहळू सैल करावी लागली. पुढील काही वर्षांत प्लेग साताऱ्यासह दक्खनच्या बहुतेक जिल्ह्यांत पसरला. १८९६-९७ हे दक्खनमध्ये दुष्काळाचेही वर्ष असल्याने साथ आणि उपासमार यांचा मार एकाच वेळी बसला.

कायद्याने जे काम सरकारवर सोपविले नव्हते, ते काही व्यक्तींनी स्वतःहून पत्करले. तत्कालीन सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासमवेत पुण्याजवळ प्लेगग्रस्तांची शुश्रूषा केली. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी उपचारासाठी आणले. या सेवेत त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या वर्षी सरकारला सक्तीचा अधिकार मिळाला, त्याच वर्षी शुश्रूषेच्या कर्तव्याचा हा आदर्श समाजासमोर आला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवण्यासारखी आहे.

इन्फ्ल्युएन्झाची साथ ते घटनात्मक जबाबदारी :

१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून पसरलेल्या इन्फ्ल्युएन्झाच्या साथीने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उग्र रूप धारण केले. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी पावसाने दगा दिल्याने धान्याचे भाव वाढले होते. प्लेगच्या वेळी घराघरांत शिरलेले सरकार या वेळी बहुतांशी अनुपस्थित राहिले. साथीचा वेग असा होता की विलगीकरण निरुपयोगी ठरले आणि मदतकार्याचा मोठा भार स्वयंसेवी संस्थांनी उचलला.

१९१९ च्या सुधारणा कायद्यानंतर सार्वजनिक आरोग्य हा विषय प्रांतिक मंत्र्यांकडे आला. स्वातंत्र्योत्तर काळात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हे विषय राज्यसूचीत समाविष्ट झाले, तर संसर्गजन्य रोगांच्या प्रसारास प्रतिबंध हा विषय समवर्ती सूचीत राहिला. अशा प्रकारे जबाबदारी राज्याकडे आली. परंतु साथीच्या वेळी वापरावयाचा कायदा मात्र १८९७ चाच राहिला.

कोरोनाकाळातील महाराष्ट्र शासनाचे निर्णय :

९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिल्या रुग्णांचे निदान झाले. १३ मार्च रोजी साथरोग कायदा लागू करून दुसऱ्याच दिवशी शासनाने त्याखालील नियम प्रसिद्ध केले. त्याच महिन्याच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथे रुग्णसंख्या पंचविसाच्या आसपास पोहोचली. तेथे वस्तीची नाकेबंदी, संपर्कातील व्यक्तींचा शोध आणि संस्थात्मक विलगीकरण हे उपाय कसोशीने राबविण्यात आले. येथपर्यंतचे धोरण १८९७ च्या चौकटीतलेच होते.

मे २०२० पासून मात्र त्यात महत्त्वाची भर पडली. खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे नियमन शासनाने हाती घेतले आणि उपचारांचे कमाल दर ठरवून दिले. साध्या विलगीकरण कक्षासाठी प्रतिदिन ४,००० रुपये, अतिदक्षता कक्षासाठी ७,५०० रुपये आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये असे हे दर होते. यासाठी साथरोग कायद्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन कायदा, शुश्रूषागृहविषयक कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा यांचाही आधार घ्यावा लागला. रुग्णाच्या खर्चाला मर्यादा घालण्यास एकटा साथरोग कायदा पुरेसा नव्हता, हेच यावरून स्पष्ट होते. जून २०२१ पासून शहरांची तीन गटांत विभागणी होऊन तिसऱ्या गटात साध्या कक्षाचा दर २,४०० रुपये झाला. ग्रामीण भागासाठी वेगळा विचार हवा, हे मान्य होण्यास असे एक वर्ष लागले.

दुसरा महत्त्वाचा निर्णय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा होय. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेल्या आणि २०१७ मध्ये नामांतर झालेल्या या योजनेचा लाभ मे २०२० मध्ये सर्व नागरिकांना खुला करण्यात आला.

तिसरा निर्णय घरभेटींचा. १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. पथकांनी घरोघरी जाऊन शरीराचे तापमान व प्राणवायूची पातळी तपासली. प्लेगच्या वेळी उंबरठ्यावर बंदुकधारी शिपाई उभा होता. या वेळी बहुतेक ठिकाणी गावातलीच आशा कार्यकर्ती उभी होती. लोकांनी तिला घरात घेतले, यामागे कायद्याच्या धाकापेक्षा ओळखीचा विश्वास अधिक होता. परंतु ही कार्यकर्ती नियमित वेतनावरील कर्मचारी नव्हती. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा कार्यकर्त्यांना संप करावा लागला, तेव्हा त्यांच्या मानधनात दरमहा १,००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता मान्य झाला. शासनाच्या सर्वांत यशस्वी साधनाचे मोल किती ठरविले गेले, हे या आकड्यांवरून कळते.

माणदेशाचा अनुभव :

माण, आटपाडी व खानापूर या तालुक्यांतील माणसे पोटासाठी दूरदेशी जातात. सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायातील कुटुंबे भारतभर विखुरलेली आहेत, तर अनेकांचे जीवन मुंबईतील मजुरीवर अवलंबून आहे. टाळेबंदीत ही माणसे गावाकडे परतू लागली. परतणारा आपलाच माणूस रोगाचा वाहक असू शकतो, ही भीती आणि त्याला घरात घेण्याची ओढ यांच्या कात्रीत गावे सापडली.

म्हसवडपासून सातारा सुमारे ९० किलोमीटर अंतरावर आहे. खाटा राखीव असल्या तरी त्या बहुतांशी मोठ्या शहरांत होत्या. तेथवर पोहोचण्याचे वाहन व वेळ यांचा खर्च कोणत्याही दरपत्रकात नव्हता. ही पोकळी भरण्यास स्थानिक संस्था पुढे आल्या. गोंदवले येथे कोविड उपचारांची सुविधा उभी करताना म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने शासकीय यंत्रणेला साहाय्य केले. १९१८ प्रमाणे या वेळीही स्वयंसेवी संस्था उपयोगी पडली. फरक इतकाच की या वेळी ती शासनाच्या जोडीने उभी होती.

निर्बंधांचा भारही येथे वेगळ्या प्रकारे जाणवला. १ जुलै २०२० च्या आषाढी एकादशीसाठी मानाच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या आणि पायी वारी थांबली. राज्यातील मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, तरी महिनाभराने आलेली सिद्धनाथाची रथयात्रा नेहमीच्या स्वरूपात भरू शकली नाही. यात्रेच्या चार दिवसांवर वर्षाची मिळकत अवलंबून असणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी हा निर्णय आरोग्याइतकाच उपजीविकेचा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या बहुतेक भागात निर्बंध शिथिल झाले, तेव्हाही सातारा व सांगली यांचा समावेश निर्बंध कायम राहिलेल्या ११ जिल्ह्यांत होता. आकडेवारी जिल्ह्याची पाहिली जात असल्याने निर्बंधही जिल्हाभर लागू होत. दूरच्या तालुक्याची स्थिती स्वतंत्रपणे विचारात येणे कठीण होते.

निष्कर्ष :

१) १८९७ च्या कायद्याने शासनाला अधिकार दिले, परंतु रुग्णाला हक्क दिला नाही. कोरोनाकाळात महाराष्ट्र शासनाने दरनियंत्रण, खाटांचे नियमन व आरोग्य योजनेचा विस्तार यांद्वारे ही उणीव कार्यकारी आदेशांनी भरून काढण्याचा प्रयत्न केला.

२) आदेशांनी दिलेले संरक्षण आदेशांबरोबरच संपते. १ एप्रिल २०२२ पासून राज्यातील निर्बंध उठविण्यात आले; दरनियंत्रणाची व्यवस्थाही साथीपुरतीच होती. आरोग्य योजना मात्र टिकली. २०२३ मध्ये तिचा विस्तार सर्व कुटुंबांसाठी ५ लाख रुपयांच्या संरक्षणापर्यंत करण्यात आला. ज्या निर्णयाला योजनेचे कायम स्वरूप होते तोच साथीनंतर उरला, हा या काळाचा धडा होय.

३) २०२० मधील दुरुस्तीने साथरोग कायद्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध संरक्षण आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातील त्रुटी दाखवून त्यात व्यापक सुधारणा किंवा नवा कायदा सुचविला. अशा कायद्यात उपचार, अन्न आणि वाहन यांची हमी असणे माणसारख्या तालुक्याच्या दृष्टीने अत्यावश्यक ठरते.

जोतिरावांचे मूळ गाव कटगुण हे म्हसवडहून साताऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या परिसरातच आहे. त्यांच्या नावाच्या योजनेचे कार्ड घेऊन निघालेल्या रुग्णाला त्या वाटेवर किती अंतर कापल्यानंतर खाट मिळते, यावरच पुढील साथीतील धोरणाची खरी परीक्षा होणार आहे.