घंटा गेल्या, आयतवार राहिला



वसई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो आणि किल्ला म्हटला की चिमाजी अप्पा. १७३९ च्या मे महिन्यात तो किल्ला मराठ्यांच्या हाती आला, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चच्या घंटा देशावर आल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची घंटा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरलाही अशीच एक घंटा आहे. इथे आपले इतिहासाचे पुस्तक पान उलटते आणि पानिपताच्या वाटेला लागते. मला मात्र त्याच पानावर थोडे थांबायचे आहे. किल्ला पडल्यानंतर जो पहिला आयतवार उजाडला, त्या दिवशी वसईच्या वाड्यांमध्ये काय झाले असेल?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. पोर्तुगीज अंमलदार गेले, बडे जमीनदार गेले, युरोपीय संन्यासी आपापले मठ सोडून गेले. मागे राहिला तो केळीच्या आणि पानवेलीच्या बागा शिंपणारा, मासे मारणारा, मराठीच्या एका बोलीत बोलणारा ख्रिस्ती रयतवर्ग. तहात राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. पण मुभा असणे निराळे आणि धर्म चालू राहणे निराळे. ज्या राज्याच्या छायेखाली हा धर्म इथे आला, ती छायाच नाहीशी झाली होती. अशा वेळी एखादा समाज विरघळून जातो. हा विरघळला नाही. १७६० च्या सुमारास आंक्तिल द्यु पेरों हा फ्रेंच विद्वान मुंबईजवळच्या साष्टी बेटातून गेला. मराठ्यांच्या अमलातही तिथले ख्रिस्ती लोक आपले सण मोकळेपणाने पाळत असल्याचे त्याला दिसले. मराठी राज्याच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि त्या लोकांच्या दृष्टीनेही.

हे कसे घडले, याचे उत्तर मला राजवाड्यांत किंवा बिशपांच्या दप्तरांत शोधावेसे वाटत नाही. ते गावच्या आठवड्यात आहे. म्हणून आजचा विषय म्हणजे कॅथॉलिक 'पॅरिश' आणि तिचे बिनपगारी सेवक.

पॅरिश हा शब्द ग्रीक 'पारोइकिया' वरून आला. त्याचा मूळ अर्थ शेजारी राहणे, किंवा परक्या मुलखात वस्ती करून असणे असा आहे. मराठी ख्रिस्ती लिखाणात त्याला 'धर्मग्राम' म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात धर्माइतकेच गावालाही महत्त्व आहे. त्रेन्त येथील धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवून दिले की, प्रत्येक माणूस कोणत्या पॅरिशचा हे निश्चित असावे, त्याच्या बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंद तिथल्या वहीत व्हावी, आणि निदान रविवारी व सणाच्या दिवशी मुलांना धर्माचे पाठ मिळावेत. वही, वस्ती आणि आयतवार ही तीन बंधने त्याच सुमारास वसईत येऊन पोचली. वसई पोर्तुगीजांना १५३४ च्या तहाने मिळाली होती आणि तिथली जुनी चर्च त्याच शतकातली आहेत.

इथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. ही बंधने सगळी प्रेमाने घातली गेली नव्हती. गोव्यात देवळे पाडली गेली, १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायालय बसले, आणि वसईही त्याच्या कक्षेबाहेर नव्हती. ज्यांचे पूर्वज या काळात ख्रिस्ती झाले त्यांच्यापैकी कोण मनाने गेला, कोण भीतीने आणि कोण पोटासाठी, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण १७३९ नंतर भीती उरली नव्हती आणि लाभही उरला नव्हता. तेव्हा जे टिकले ते लोकांनी स्वतःचे मानले म्हणून टिकले, असे मी समजतो.

आता ते काय होते ते पाहू. मिस्सा म्हणजे ख्रिस्तयाग. तो धर्मगुरूवाचून होत नाही, हा कॅथॉलिकांचा मूळ नियम. युरोपीय गेल्यावर गोव्याचे देशी धर्मगुरू ही चर्च सांभाळू लागले. मिस्सा लॅटिन भाषेत चाले. बागाईतदाराला तिच्यातले काय कळणार? घंटी वाजली की गुडघे टेकायचे, एवढे कळे. पण आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत जे चाले त्याला धर्मगुरू लागत नसे आणि लॅटिनही लागत नसे. संध्याकाळी क्रुसापाशी किंवा घरातल्या वेदीपुढे जपमाळ म्हणायची असते. पन्नास वेळा 'नमो मरिये', मधून मधून 'आमच्या बापा'. ती घरातली म्हातारी सांगते आणि बाकीचे उत्तर देतात. कोणी मेले की प्रार्थनेला वाडीने जमायचे. धर्मगुरू दोन गावे पलीकडे असला, तरी यातले काही अडत नाही. आपल्याकडे हरिपाठ जसा देवळाच्या पुजाऱ्यावर अवलंबून नसतो, तसेच हे आहे.

दुसरा धागा मुलाच्या बाप्तिस्म्याचा. त्याला धर्मपिता आणि धर्ममाता लागतात. मुलाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांचे 'कोंपाद्र' होतात. वसईचे सामवेदी ख्रिस्ती स्वतःला 'कुपारी' म्हणवतात. तो शब्द या पोर्तुगीज 'कोंपाद्र'वरूनच आला असे मानले जाते. ते खरे असेल, तर एका सबंध समाजाने आपले नाव राजावरून घेतले नाही की संतावरून घेतले नाही, एकमेकांच्या मुलांची जबाबदारी घेण्याच्या नात्यावरून घेतले. तशी जबाबदारी घेणाऱ्याला वेतन कोण देणार?

तिसरा धागा शिकवणुकीचा, आणि इथे मराठी वाङ्मयाचा थेट संबंध येतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्युइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि तिथल्या साष्टी महालात त्याने आयुष्य काढले. मुलांना धर्मपाठ देताना नवख्रिस्ती ब्राह्मणाने त्याला विचारले की, आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काही करून का देत नाही? ही हकीकत खुद्द ग्रंथाच्या आरंभीच आहे. म्हणजे १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापलेले, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' हे आठवड्याच्या धर्मवर्गात उठलेल्या एका तक्रारीचे फळ होय! पुढे पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये देशी भाषेवरच हत्यार उपसले. तरीही किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरांत या पुराणाच्या हस्तलिखित प्रती जपल्या गेल्या, आणि १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला ते पुन्हा छापले. सरकारने दडपलेली भाषा वाचणाऱ्यांनी राखली.

चौथा धागा बंधुसंघांचा. पोर्तुगीज त्यांना 'कोन्फ्रारिया' म्हणत. गृहस्थ मंडळींनी एकत्र यायचे, वर्गणी काढायची, एखाद्या वेदीच्या मेणबत्त्यांचा खर्च सोसायचा, सण करायचा, आणि मुख्य म्हणजे आपल्या सभासदाचे प्रेत सन्मानाने पुरायचे. १४९८ मध्ये राणी लियोनोरच्या आश्रयाने लिस्बनला 'मिझेरिकोर्दिया' स्थापन झाली. भुकेल्याला अन्न देणे, आजाऱ्याला भेटणे, कैद्याला सोडविणे, मृताला मूठमाती देणे अशी दयेची चौदा कामे तिने डोळ्यांपुढे ठेवली. तिची शाखा गोव्यात होती, वसईच्या किल्ल्यातही होती. परंतु गोव्यातल्या कोन्फ्रारियांत जातीही शिरल्या. ब्राह्मणांची निराळी, चारड्यांची निराळी, शूद्रांची निराळी. लाल झगा घालून मिरवणुकीत कोणी चालायचे, यावरून भांडणे होत. बाप्तिस्म्याचे पाणी पडले म्हणून माणूस एका दिवसात बदलत नाही, हे आपण हिंदूंनी हसून सांगण्याचे कारण नाही. ती जात आपणच त्यांना शिदोरीला बांधून दिली होती.

असो. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत या जुन्या झाडाला युरोपातून नव्या फांद्या आल्या. त्यांपैकी दोन सांगतो. १८३३ च्या एप्रिलात पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या मित्रांनी एक मंडळ काढले. तुमच्या धर्माने पूर्वी मोठी कामे केली, आज तो काय करतो, असा टोमणा त्यांना कोणीतरी मारला होता. त्यांनी उत्तरादाखल व्याख्यान दिले नाही, गरिबाच्या घरी सरपण नेऊन टाकले. हीच सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. तिची पद्धत फार साधी आहे. सभासदांनी नेमाने बैठक घ्यायची, दोघादोघांनी मिळून कुटुंबांना घरी जाऊन भेटायचे आणि बैठकीच्या शेवटी झोळी फिरवायची. कोणी किती टाकले ते दुसऱ्याला कळू नये. दुसरी फांदी डब्लिनची. तिथे १९२१ मध्ये फ्रँक डफ यांनी 'लिजन ऑफ मेरी' सुरू केली. तीही आठवड्याला भरते, तिचेही सभासद जोडीने फिरतात. पण द्रव्यरूपाने मदत करायला तिला नियमाने बंदी आहे. फक्त बसायचे, बोलायचे, ऐकायचे. पहिल्याने ही बंदी मला विचित्र वाटली. नंतर वाटले, पैसे देऊन उठून येणे हे कधी कधी सोपे असते.

वसईने स्वतःचीही एक फांदी काढली. धर्मगुरू मोनिस यांच्या पुढाकाराने १९१८ साली तिथे एक सहकारी पतसंस्था निघाली. आज ती बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून मोठी झालेली आहे. जपमाळ म्हणायला एकत्र बसणाऱ्या माणसांना एकमेकांना जामीन राहणे जड गेले नाही.

मग आली ती दुसरी व्हॅटिकन परिषद. ती १९६२ ते १९६५ चालली. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज निघाला आणि लोकभाषेला वेदीवर प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय परिषदेसाठी मुंबईला आले होते. धर्मगुरू आता लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला आणि वसईचा शेतकरी जन्मात पहिल्यांदा मिस्सा समजून ऐकू लागला. त्याबरोबर कामेही वाढली. शास्त्रवाचन करायला वाचक हवा, मराठी गाणी म्हणायला गायकवृंद हवा, श्रद्धावंतांच्या प्रार्थना सांगायला कोणी हवे. १९७३ पासून गृहस्थाला ख्रिस्तप्रसाद वाटण्याचीही परवानगी मिळू लागली. त्यामुळे आजारी माणसाला तो शेजाऱ्याच्या हातून मिळू शकतो. १९८० नंतर मुंबईच्या धर्मप्रांतात शेजारच्या घरांचे छोटे समूह बांधले गेले.

बायकांची गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण त्यांना शेवटीच आठवले गेले. चर्च झाडणे, फुले रचणे, वेदीची वस्त्रे धुणे आणि इस्त्री करणे, मुलांना धर्म शिकविणे आणि संध्याकाळची जपमाळ सांगणे, हे सारे शतकानुशतके त्यांनी केले. वेदीपाशी सेवा करायला मुलींना परवानगी मिळाली १९९४ मध्ये, आणि वाचकाचे पद स्त्रीला रीतसर देता येईल असा कायद्यात बदल झाला जानेवारी २०२१ मध्ये. ज्या म्हातारीने १७३९ नंतर धर्म तोंडपाठ ठेवला, तिच्या पणतीच्या पणतीला ग्रंथ हाती घेण्याचा अधिकार मिळायला पावणेतीनशे वर्षे लागली!

आणि अधिकार तरी किती? १९८३ च्या चर्चच्या कायद्यात पॅरिशचे पाळकीय मंडळ आहे, पण त्याचे मत केवळ सल्ल्यापुरते आहे. हिशेबाचे मंडळ सक्तीचे, तेही सल्लागारच. शेवटचा शब्द धर्मगुरूचा. श्रम लोकांचे आणि सही त्याची, अशी ही व्यवस्था आहे. चांगला धर्मगुरू असला की ती जाणवत नाही, दुसऱ्या तऱ्हेचा आला की फार जाणवते. यावर त्या समाजात आता उघड बोलले जाते, हे मला सुलक्षण वाटते.

१९९८ साली वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. २०२० मध्ये तिथले फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते २०२४ च्या जुलैत निवर्तले. त्यांनी ज्या हिरव्या वसईसाठी लढा दिला तिच्यातल्या पुष्कळ बागांवर आता इमारती आहेत. पानवेलीला पाणी देणारा माणूस दुपारी मोकळा असे. पहाटेची लोकल गाठणारा त्याचा नातू रात्री नऊला घरी येतो. संध्याकाळच्या क्रुसाच्या प्रार्थनेला म्हातारी माणसे अधिक आणि तरुण थोडे, अशी तक्रार ऐकू येते. नव्या इमारतीत शेजारी कोण हेच माहीत नसते, तिथे छोटा समूह बांधायचा कसा? १७३९ मध्ये राज्य गेले तरी वाडी होती, सवड होती आणि शेजार होता. या वेळी राज्य जागच्या जागी आहे आणि बाकीची तिन्ही जात आहेत.

मात्र शनिवारी संध्याकाळी वसईतल्या एखाद्या चर्चच्या दारात जाऊन उभे राहा. आत दोनतीन बाया हार गुंफत असतात, एक पोरगा ध्वनिक्षेपकाच्या तारा ओढत असतो, आणि दाराशेजारच्या फळ्यावर उद्याच्या वाचकांची यादी लावलेली असते. एखाद्या नावावर काट मारून त्याच्या शेजारी दुसरे लिहिलेले दिसते. कोणाला तरी उद्या कामावर जायचे आहे, आणि कोणीतरी त्याच्या जागी उभे राहायला होकार दिला आहे.