काशियशच्या किल्ल्यातील बंदी

गोमंतक-मुक्तीचा इतिहास सांगताना आपण १९ डिसेंबर १९६१ या मंगल दिवसापाशी थांबतो. परंतु त्या दिवशी पणजीवर तिरंगा फडकला तेव्हा गोमंतकासाठी लढलेले दोन पुरुष सहस्रावधी मैलांवर लिस्बनच्या मुलखात बंदिवान होते. त्यांच्या सुटकेची कथा मुक्तीनंतरची असल्यामुळे बहुधा सांगावयाची राहून जाते.

पहिले मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, जन्म सांगलीचा. गोमंतकात मराठीचे शिक्षक म्हणून ते गेले आणि आझाद गोमंतक दलात दाखल झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली सव्वीस वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालमध्ये नेऊन काशियशच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. दुसरे तेलो मास्कारेन्हस, कवी व कायदेपंडित, मुंबईहून ‘रेसुर्ज गोवा’ हे पत्र चालविणारे.

सत्याग्रहात शिक्षा झालेले नानासाहेब गोरे व मधु लिमये १९५७ मध्ये सुटले होते. मग हे दोघेच का राहिले? भारताने पोर्तुगालशी राजनैतिक संबंध १९५५ मध्येच तोडले होते. त्यामुळे लिस्बनमध्ये आपला वकील नव्हता. शिवाय सालाझारचे सरकार १९६१ नंतरही गोवा आपलाच प्रांत मानीत असे. मुक्तीच्या वेळी तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक आपल्या ताब्यात आले. १९६२ मध्ये ते स्वदेशी रवाना झाले, आणि आपले दोघे मात्र तेथेच राहिले. हातची एवढी मोठी बाजू असता ती वापरली गेली नाही, हे या लेखकाच्या मते आपल्या मुत्सद्देगिरीचे न्यून होय. औदार्य म्हणून त्याची भलावण करावयाची असेल त्यांनी खुशाल करावी. कोठडीतील माणसाला त्याचा काय उपयोग?

सरकारी द्वारे अशी बंद असता लोकांनी आपली द्वारे शोधली. महाराष्ट्रात सुप्रसिद्ध संगीतकार सुधीर फडके यांनी रानडे-विमोचनाच्या कार्यास वाहून घेतले. फडके यांना हा विषय परका नव्हता. १९५४ च्या दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात रानड्यांप्रमाणे तेही होते.

आता एक विलक्षण गोष्ट. मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई १९६८ मध्ये रोम येथे पोप सहावे पॉल यांना भेटले, तेव्हा त्यांनी मागितले ते रानडे यांच्या सुटकेसाठी साहाय्य. द्रविड चळवळीत वाढलेल्या नेत्याने एका महाराष्ट्रीय ब्राह्मणासाठी ख्रिस्ती धर्मगुरूंपाशी शब्द टाकावा! ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्याजोगी आहे.

पोपांचा शब्द लिस्बनला नेहमीच गोड वाटे असे मात्र नाही. डिसेंबर १९६४ मध्ये ते मुंबईच्या धर्मपरिषदेस आले, तेव्हा पोर्तुगीज सरकारने तो आपला अपमान मानला होता. तथापि १९६८ च्या उन्हाळ्यात सालाझार खुर्चीवरून पडून विकल झाला आणि सप्टेंबरात मार्सेलो कायतानू सत्तेवर आला. रदबदलीचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु हा बदल झाला नसता तर ती इतक्या लवकर फळास आली असती, असे मला वाटत नाही.

२५ जानेवारी १९६९ रोजी, तेरा वर्षांहून अधिक काळ बंदिवास भोगून, रानडे मुक्त झाले. अवघ्या नऊ दिवसांनी, ३ फेब्रुवारीस, अण्णादुराई कालवश झाले. मास्कारेन्हस यांना १९७० पर्यंत वाट पाहावी लागली. काशियशमधील पोर्तुगीज राजबंदी तर एप्रिल १९७४ मध्ये, त्यांच्याच देशात सैन्याने उठाव करून हुकूमशाही उलथविली तेव्हा बाहेर आले. आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला नव्या पोर्तुगालने गोमंतकावरील भारताचे सार्वभौमत्व करारान्वये मान्य केले. रानडे यांचे पुण्यास २०१९ मध्ये निधन झाले.