जनगणनेचा रकाना आणि घरची भाषा

घरात कोणती भाषा बोलता, हा प्रश्न वरवर साधा वाटतो. तो कोण विचारतो आणि कशासाठी, हे पाहू लागलो की तो साधेपणा उरत नाही. अमेरिकेच्या जनगणनेचा इतिहास चाळताना आम्हांला हे प्रकर्षाने जाणवले.

१८९० साली तेथील प्रगणक दहा वर्षांवरील प्रत्येकाविषयी विचारी : इंग्रजी बोलता येते काय? येत नसेल, तरच त्या माणसाची भाषा टिपायची. म्हणजे स्वभाषेला नोंदीत जागा मिळे ती इंग्रजीच्या अभावाची खूण म्हणून. १९०६च्या कायद्याने इंग्रजी बोलता येणे ही नागरिकत्वाची अटच झाली. पुढे मातृभाषेचा रकाना कधी आला, कधी गेला.

या प्रश्नामागची दृष्टी पालटली ती १९७०च्या दशकात. तो पालट समजून घ्यायचा तर सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत डोकवावे लागते. इंग्रजी न येणारे २,८५६ चिनी वंशाचे विद्यार्थी तेथे होते; त्यांतील सुमारे १,८०० मुलांना इंग्रजी शिकवण्याची कोणतीही वेगळी सोय नव्हती. घरी चिनी बोलायचे आणि वर्गात दिवसभर न कळणारे ऐकत बसायचे. पालक न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयांचे म्हणणे असे, की शाळेने सर्वांना सारखेच दिले आहे. मूल घरून काय घेऊन येते याला शाळा जबाबदार नाही. (हा युक्तिवाद आपल्याकडच्या शिक्षक-कक्षांतही ऐकू येतो.) ‘लाउ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली तो एकमताने फेटाळला. न कळणाऱ्या भाषेतले तेच पुस्तक हाती देणे म्हणजे समान वागणूक नव्हे, असा न्यायमूर्ती डग्लस यांच्या निकालपत्राचा आशय. आधार होता १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा. मुलांना शिकवायचे कसे, हे मात्र न्यायालयाने सांगितले नाही.

१९७५ साली मतदान कायद्यात भाषिक अल्पसंख्याकांसाठी तरतूद झाली, आणि १९८०च्या जनगणनेत तीन प्रश्न आले : घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता काय, कोणती, आणि इंग्रजी कितपत येते? उत्तरे चार : फार चांगली, चांगली, फारशी चांगली नाही, मुळीच नाही. गंमत अशी, की ‘फार चांगली’च्या खालचे सारे ‘मर्यादित इंग्रजी’त मोजण्याचा प्रघात पडला. नम्रपणे ‘चांगली’ म्हणणारा कमी ठरतो; आणि घरी केवळ इंग्रजी बोलणाऱ्याला ती कितपत येते, हे कोणी विचारतच नाही! शिवाय ‘चिनी’ एवढेच उत्तर लिहिले की कँटोनीज आणि मँडरिन एकाच राशीत पडतात.

भारतीय जनगणना मातृभाषा आणि अवगत असलेल्या आणखी दोन भाषा विचारते. त्या कितपत येतात हे विचारत नाही. तरीही दबाव चुकत नाही. आमच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुले प्रवेश-अर्जात मातृभाषा ‘मराठी’ लिहितात. एकाला कारण विचारले तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, “सर, अहिराणी लिहिली तर चालते का?”