नाक वाहतंय खरं, पण गुन्हेगार ताटात आहे का?



"रात्री दही खाऊ नकोस, सर्दी होईल." मराठी घर पुण्यातलं असो, इंदूरचं असो की बंगळुरूचं, हे वाक्य तिथे ऐकलेलं असतंच. दह्याच्या मागोमाग केळं येतं, मग पेरू, मग दूध. आणि एखाद्या मुलाला बारा महिने शिंका येत असतील, सकाळी उठल्यापासून नाक चोंदलेलं असेल, तर घरातलं प्रत्येक माणूस एकेका पदार्थाकडे बोट दाखवतं. वर्षभरात त्या मुलाच्या ताटातून चार-पाच पदार्थ गेलेले असतात. नाक मात्र वाहतच असतं.

तेव्हा आजचा प्रश्न साधा आहे. अमुक एका पदार्थामुळेच नाक वाहतं, हे ओळखायचं कसं? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो चांगलाच रंजक आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करू. रात्री दही खाऊ नये हा सल्ला चरकसंहितेत आहे, म्हणजे आजीचं म्हणणं बरंच जुनं आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधनं सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातला उपशय म्हणजे काय? लक्षणांवरून रोग नीट कळत नसेल, तर एखादं औषध, आहार किंवा विहार देऊन बघायचं. बरं वाटतं की त्रास वाढतो, त्यावरून अंदाज बांधायचा. म्हणजे 'खाऊन बघा, सोडून बघा' ही कल्पना आपल्याला नवी नाही. अडचण तिच्या पुढच्या पायरीवर आहे. बरं वाटलं ते त्या पदार्थामुळेच, हे कशावरून?

आता तिथून १८१९ सालच्या लंडनमध्ये जाऊ. जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय सभेत एका रुग्णाची हकीकत वाचली. दर उन्हाळ्यात डोळ्यांची आग, शिंकांचा सपाटा, वाहणारं नाक, छातीत जडपणा. हा रुग्ण म्हणजे ते स्वतःच होते. रक्त काढून झालं, रेचक झाले, अफू झाली, थंड पाण्याच्या अंघोळी झाल्या, आहारही कमी करून झाला. गुण आला नाही. त्यांचा संशय उन्हाळ्याच्या उष्णतेवर होता.

खरा गुन्हेगार दाखवला तो मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. त्यांनाही हाच आजार होता. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घालून पाहिले, हाताची त्वचा खरवडून त्यावर लावून पाहिले. चिकट लेप लावलेल्या काचा पतंगाला बांधून उंच हवेतले परागही मोजले. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. परागांचा हंगाम आणि शिंकांचा हंगाम एकच आहे, हे त्यात आकड्यांनिशी मांडलेलं होतं. त्यांची पद्धत लक्षात ठेवा. नुसता संशय घेऊन ते थांबले नाहीत. संशयिताला मुद्दाम समोर आणलं, दूर केलं, पुन्हा आणलं.

'ॲलर्जी' हा शब्द मात्र १९०६ सालचा. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो घडवला. त्यानंतर १९१२ मध्ये न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ऑस्कर श्लॉस यांनी अंडं, बदाम आणि ओट न सोसणाऱ्या एका मुलावर त्वचेची चाचणी केली. ज्या पदार्थाने त्रास व्हायचा, त्याचा अंश त्वचेवर लावला की तिथे गांधी उठायची. डॉक्टरांना वाटलं, चला, किल्ली सापडली.

आणि मग १९२१ मधला तो प्रसिद्ध प्रयोग. ब्रेस्लाऊ शहरात हाइन्झ क्यूस्टनर नावाचे डॉक्टर होते. शिजवलेला मासा खाल्ला की अर्ध्या तासात त्यांच्या अंगाला खाज सुटायची, डोळे लाल व्हायचे, शिंकांवर शिंका यायच्या, नाक वाहायचं, खोकला यायचा, शेवटी उलटी व्हायची. त्यांच्या रक्तातला सीरम कार्ल प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि मासा बिनधास्त खाणाऱ्या प्राउसनिट्झ यांच्या त्वचेवर गांधी उठली! म्हणजे ॲलर्जी घडवणारं काहीतरी रक्तात होतं, आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत होतं. ते काय होतं, हे कळायला १९६६-६७ साल उजाडावं लागलं. अमेरिकेत इशिझाका पती-पत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी स्वतंत्रपणे तो प्रतिपिंड शोधला. त्याला आज आपण आयजीई म्हणतो.

क्यूस्टनर यांच्या त्रासाकडे पुन्हा एकदा बघा. अन्नामुळे नाक वाहू शकतं, याचा हा पक्का पुरावा आहे. पण ते कसं वाहिलं? खाल्ल्यावर थोड्याच वेळात. आणि एकटं नाक नाही, सोबत त्वचा, डोळे, घसा, पोट, सगळ्यांनी एकदम तक्रार केली. अन्नाच्या ॲलर्जीची ही चाल आजही डॉक्टरांना मार्ग दाखवते. बारा महिने फक्त नाकच चोंदलेलं आहे आणि बाकी काही नाही, तर त्यामागे अन्न असणं विरळा.

मग दह्या-दुधावरचे एवढे आरोप आले कुठून? त्याचं एक उत्तर पुढच्या काळात आहे. कॅलिफोर्नियाच्या अल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात पदार्थ वगळण्याचे आहार सुरू केले. भात, मेंढीचं मटण, मोजकी फळं-भाज्या एवढंच काही आठवडे खायचं आणि मग एकेक पदार्थ परत आणायचा. कल्पना उत्तम. पण रुग्णाला आपण काय खातोय हे माहीत असायचं. ज्याच्यावर संशय आहे तोच पदार्थ समोर आला, की मन आधीच नाकाकडे लागतं.

हे ओळखलं मेरी लव्हलेस यांनी. १९५० मध्ये त्यांनी रुग्णांना दूध लपवून देण्याची चाचणी मांडली. पुढे १९७६ मध्ये डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी दम्याच्या मुलांना सुकवलेले पदार्थ अपारदर्शक कॅप्सूलमधून दिले. कोणत्या कॅप्सूलमध्ये खरा पदार्थ आणि कोणत्या कॅप्सूलमध्ये निरुपद्रवी भुकटी, हे मुलांनाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. डेन्व्हरमध्येच सोळा वर्षं अशा चाचण्या चालल्या, आणि १९९० साली त्यांचा हिशेब छापून आला. ४८० मुलं तपासली, त्यातल्या १८५ मुलांचाच त्रास खरा निघाला. म्हणजे शंभरातली साधारण ३९. उरलेल्या मुलांच्या बाबतीत पदार्थावरचा संशय चाचणीत खरा ठरला नाही.

दुधाची स्वतंत्र परीक्षाही ऑस्ट्रेलियात अॅडलेडला झाली. ६० निरोगी माणसांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला. कुणी दूध अजिबात पीत नव्हतं, कुणी दिवसाला अकरा ग्लासपर्यंत पीत होतं. शिंकरलेले रुमाल चक्क वजन करून पाहिले. दूध पिण्याचा आणि शेंबडाच्या वजनाचा संबंध सापडला नाही. गंमत म्हणजे दुधाने कफ होतो असं मानणाऱ्यांनी खोकला आणि चोंदल्याची तक्रार जास्त केली. वजन मात्र तेवढंच होतं.

आता तुम्ही म्हणाल, मिसळ खाताना नाक वाहतं ते काय? वाहतंच. पण ती ॲलर्जी नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूंना डिवचतं आणि नाकाच्या ग्रंथी पाणी सोडतात. मिसळ संपली की नाकही थांबतं. या प्रकाराला १९८९ पासून वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. सफरचंद खाल्लं की तोंडात खाज येणाऱ्यांची गोष्टही वेगळी. त्यांची खरी ॲलर्जी परागांशी असते, फळातलं प्रथिन फक्त त्यांच्यासारखं दिसतं.

आपल्याकडे खरे संशयित बहुतेक वेळा ताटाबाहेर असतात. गादी-उशांतले धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी, झुरळं आणि गाजर गवत. हे गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याच्या परागांनी नाकाची ॲलर्जी होते.

मग करायचं काय? खाणं आणि शिंका यांची वेळेसह वही ठेवा. त्वचेची किंवा आयजीईची चाचणी 'होय' म्हणाली, तर त्याचा अर्थ शरीर त्या पदार्थाला ओळखतं एवढाच. आजार तोच घडवतो, हे अजून सिद्ध व्हायचं असतं. आयजीजी नावाच्या रक्तचाचणीवरून पंचवीस पदार्थांची यादी कुणी हातात दिली, तर ती बाजूला ठेवा. अन्नाची ॲलर्जी ओळखायला ती वापरू नये, असं युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितलं आहे. संशय एकाच पदार्थावर असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दोन-चार आठवडे तो सोडा आणि मग परत आणा. परत आणणं विसरू नका, खरी परीक्षा तिथेच असते. मात्र ज्याने कधी श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला किंवा चक्कर आली, तो पदार्थ घरी कधीही तपासू नका. ती चाचणी रुग्णालयातच व्हायला हवी.

ब्लॅकलींनी पतंग उडवले, प्राउसनिट्झनी दुसऱ्याचा सीरम टोचून घेतला, डेन्व्हरच्या मुलांनी कॅप्सूल गिळल्या. एवढ्या लोकांनी एवढी खटपट केली, ती आरोप आणि पुरावा यांतलं अंतर मोजण्यासाठी. वाढत्या मुलाच्या वाटीतलं दही काढून घेण्याआधी आपणही पुरावा मागू या. आणि पुरावा नसेल, तर ती वाटी त्याला परत देऊ या.