यादीत नसलेली चौथी बाई

तुमच्यापैकी ज्यांनी जीसी-एमएसवर काम केलंय त्यांना माहीत असेल: अनोळखी संयुगाचा स्पेक्ट्रम दिला की सॉफ्टवेअर लायब्ररीतलं सगळ्यात जवळचं नाव पुढे करतं. खरं संयुग लायब्ररीत नसेल, तरीही! माझे पीएचडीच्या पहिल्या वर्षातले दोन महिने असेच वाया गेले. तेव्हापासून मला व्हेरा अ‍ॅटकिन्स यांचा तपास राहून राहून आठवतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनची एसओई ही गुप्त संघटना नाझींच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये हेर पाठवायची. अ‍ॅटकिन्स 1941 पासून तिच्या फ्रान्स विभागात होत्या. निघणाऱ्या हेरांची कागदपत्रं, कपडे, खिशातल्या वस्तू तपासून त्यांना निरोप देणं हे त्यांचंच काम. युद्ध संपलं तेव्हा 118 जण परतले नव्हते. अ‍ॅटकिन्स पोलीस नव्हत्या, पण 1946 मध्ये ब्रिटिश युद्धगुन्हे विभागाबरोबर जर्मनीत जाऊन त्यांनी एकेकाचा माग काढला. तुरुंगाच्या नोंदवह्या, पहारेकऱ्यांचे जबाब, वाचलेल्या कैद्यांच्या आठवणी, एवढंच हाताशी. डिसेंबर 1941 च्या 'नाख्ट उंड नेबेल' (रात्र आणि धुकं) या हुकुमाचा हेतूच मुळी कैद्यांचा मागमूस राहू नये हा होता. म्हणजे इथे डेटा हरवलेला नव्हता, तो मुद्दाम ठेवलेलाच नव्हता.

नात्झवायलर छळछावणीत 6 जुलै 1944 ला चार स्त्रियांना विषारी इंजेक्शन देऊन मारलं आणि जाळलं, हे साक्षींमधून कळलं. तिथेच कैदी असलेला एसओईचा हेर ब्रायन स्टोनहाउस चित्रकार होता, त्याने त्यांना येताना पाहिलं होतं. तिघींची ओळख पटली: आंद्रे बोरेल, व्हेरा ली, डायना रॉडन. चौथी कोण? आपल्या बेपत्ता स्त्रियांमधली ही कोण असेल, असा प्रश्न अ‍ॅटकिन्स यांनी स्वतःला विचारला, आणि उत्तर आलं नूर इनायत खान. (नूरचे वडील, सूफी गायक इनायत खान, गायकवाडांच्या बडोद्याचे.)

आता प्रश्नच नीट बघा. उत्तर यादीतलंच असणार, हे त्यात आधीच गृहीत धरलंय.

नंतर फोर्त्सहाइमच्या तुरुंगाची माहिती पुढे आली. नूर नोव्हेंबर 1943 पासून तिथे साखळदंडात होती, आणि सप्टेंबर 1944 पर्यंत तिथेच होती. मग जुलैत ती नात्झवायलरला असेल कशी? अ‍ॅटकिन्स यांनी आपला निष्कर्ष मागे घेतला. नूरला इतर तीन हेर स्त्रियांबरोबर दाखाऊला नेऊन 13 सप्टेंबर 1944 ला मारलं होतं.

हे मागे घेणं सोपं नव्हतं, कारण अ‍ॅटकिन्स तटस्थ नव्हत्या. नूर पकडली गेल्यावर तिचा वायरलेस जर्मनांच्या हाती लागला आणि तिच्या नावाने ते लंडनला संदेश पाठवत राहिले. लंडनने ते खरे मानून आणखी हेर पाठवले. दाखाऊत नूरबरोबर मेलेली मॅडेलिन दामर्मां त्यातलीच एक, फेब्रुवारी 1944 मध्ये उतरल्या उतरल्या पकडली गेली. ज्या ऑफिसने ही चूक केली, त्याच ऑफिसातली बाई आता त्या मृत्यूंचा तपास करत होती. अ‍ॅटकिन्स यांच्याबद्दल आदर बाळगूनही मला वाटतं की त्यांच्या नोंदी वाचताना हे सतत लक्षात ठेवायला हवं. त्या खोटं लिहीत होत्या असं नाही. पण कोणते प्रश्न विचारायचे, हेही शेवटी त्याच ठरवत होत्या.

मग नात्झवायलरची चौथी? सोन्या ओल्शानेत्स्की. केम्निट्झला जन्मलेली, पॅरिसमध्ये वाढलेली ज्यू नर्तिका. तिची भरती फ्रान्समध्येच झाली होती, त्यामुळे लंडनमधून तिला कोणी निरोप दिलाच नव्हता आणि अ‍ॅटकिन्स यांच्या यादीत तिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता. मेली तेव्हा ती 20 वर्षांची होती.