भूमापन क्रमांक आणि संगणकाचा स्वयंचलित क्रमांक

मालवण तालुक्यातील सातबाऱ्यावर एकाच जमिनीच्या दोन ओळखींना जागा ठेवलेली असते : 'भूमापन क्रमांक व उपविभाग' आणि 'शेताचे स्थानिक नाव'. नाव गावाने ठेवलेले, क्रमांक सरकारने दिलेला. भरड, मळा, कातळ अशा नावांवरून जमिनीचा गुण कळतो. परंतु एका गावात दोन 'भरड' असू शकतात. शिवाय वापर पालटला की नाव फसवे होते.

गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ साली इंदापुरात हाती घेतलेली मोजणीपद्धती १८४७ च्या संयुक्त अहवालाने स्थिर झाली. तिने ओळख गुणापासून तोडून क्रमांकाला बांधली. १९६६ च्या जमीन महसूल संहितेची व्याख्याही ज्या जमिनीचे क्षेत्र व आकारणी दप्तरात निदर्शक क्रमांकाखाली स्वतंत्रपणे नोंदलेली असते, तो भूमापन क्रमांक, अशाच आशयाची आहे. म्हणजे क्रमांक जमिनीचा नव्हे, नोंदीचा धर्म होय.

हाच विचार संगणकीय विद्येत पुन्हा आला. कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडले आणि १९७९ च्या निबंधात अर्थरहित, यंत्रदत्त अशा प्रतिनिधी ओळखीचा पुरस्कार केला. २००१ साली अवतरलेल्या हायबरनेटसारख्या ग्रंथालयांत, म्हणजे आज्ञावलीतील वस्तू कोष्टकात उतरविणाऱ्या तयार संचांत, तो नित्याचा व्यवहार झाला. नवी वस्तू क्रमांकाविना जन्मते. जतन करताना तिला 'प्रायमरी की' लाभते. क्रमांकाची जागा रिकामी, म्हणून वस्तू नवी, असे ग्रंथालय सामान्यतः समजते. लेखकाने तेथे हाताने आकडा भरला तर नवी नोंद घालण्याऐवजी जुनी शोधण्याचा प्रयत्न होतो आणि जतन फसते.

मात्र साम्य येथे संपते. ५२ क्रमांकाची जमीन गावोगाव असते, म्हणून गावाच्या नावावाचून तो अपुरा. शिवाय वाटणी झाली की ५२/३ चे ५२/३अ व ५२/३ब होतात. क्रमांकात वंशावळ शिरते; जुन्या खतातील आकडा आजच्या उताऱ्यावर सापडत नाही आणि फेरफारांची साखळी उलगडावी लागते. यंत्रदत्त क्रमांक वाटणीने बदलत नाही, पण वाटणीची वार्ताही देत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास, माझ्या मते, पहिली अडचण परवडेल, दुसरी नाही.

१८१२ पासून ब्रिटिशांकडे असलेले मालवण आणि १९४८ पर्यंत संस्थान राहिलेली सावंतवाडी १९८१ साली एका सिंधुदुर्ग जिल्ह्यात आली. त्यांची दप्तरे एका कोष्टकात आणणाऱ्याने यंत्राचा क्रमांक अवश्य घ्यावा, पण जुना क्रमांक, हिस्सा व गाव यांचे रकाने पुसू नयेत. यंत्राच्या क्रमात खंड दिसला म्हणून नोंद हरवली असेही मानू नये. अर्धवट राहिलेल्या व्यवहाराने घेतलेला आकडा बहुधा परत वापरला जात नाही.

२०२१ पासून देशात जमिनीला चौदा अक्षरांकांची ओळख देण्यात येऊ लागली. ती सीमांच्या अक्षांश-रेखांशांवर आधारलेली आहे. ओळखीत पुन्हा गुण शिरला. कर्ली खाडी व समुद्र यांमधील देवबागच्या चिंचोळ्या पट्टीत लाटा जमीन नेतात. तेथे सीमाच सरकली तर ओळख जुनी ठेवावयाची की नवी द्यावयाची, हा प्रश्न उभा राहतो. जुना भूमापन क्रमांक मात्र, जमीन पाण्याखाली गेली तरी, दप्तरात तिच्या नावे उभा असतो.